मागच्या इंजिनाचा माणूस

साळवे काका योगाच्या वर्गाला बूट घालून येत. काळे, पॉलिश केलेले, नाड्या घट्ट बांधलेले. आम्ही बाकीचे चपला दाराशी कशाही भिरकावून आत शिरत असू. काका मात्र पायरीवर बसून बूट काढत, मोज्यांची घडी करून त्यांत ठेवत आणि बुटांची तोंडे रस्त्याकडे करून मगच हॉलमध्ये येत. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण सकाळी बूट चढवल्याशिवाय ड्यूटीवर निघाल्यासारखे वाटत नाही, असे ते सांगत. आमचा वर्ग ही त्यांची ड्यूटी होती.

लोणावळ्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल आहे. त्याची चावी माझ्याकडे असे, कारण जी कामे कोणालाच नको असतात ती शेवटी माझ्याकडे येतात. तळेगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथल्या कार्यालयातही तेच. सतरंज्या, पंखे, झाडलोट, आज कोण येणार आणि कोण नाही, हे मी पाहायचे, शिकवायचे काकांनी. वर्गात मी गेले ती मात्र व्यवस्था बघायला नव्हे, मानेपायी गेले. संगणकापुढे बसून बसून मान अशी धरली होती की मागून कोणी हाक मारली तर मला अख्खे वळावे लागे.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटले, मानेची पार वाट लागली आहे, सहन होत नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"असं नाही. आम्ही कंट्रोल रूमला कळवायचो तसं कळवा. कुठं, किती, आणि वाढतंय की आहे तेवढंच आहे."

मी सांगितले : उजवीकडे, कानाखालपासून खांद्यापर्यंत. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. आत्ता आहे तेवढेच आहे.

"बघा," काका म्हणाले, "आलात तेव्हा सगळी वाट लागलेली होती. आता वीतभर लाइन खराब आहे. वीतभर लाइन दुरुस्तीला घेता येते."

माझ्या स्वभावाला हे इतके पटले की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

त्यांच्याकडे पाहून ते योग शिकवतात यावर कोणाचा विश्वास बसला नसता. बुटका, रुंद बांधा, पुढे आलेले पोट. बरीच आसने त्यांना चित्रातल्यासारखी जमत नसत आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. खुर्चीवर बसून ते शिकवत. आवाज असा की हॉलच्या काचा थरथरत. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. नोकरीची बहुतेक वर्षे काकांनी त्या मागच्या इंजिनावर काढली. "पुढचा ड्रायव्हर पुण्याला जातो, आम्ही घाट चढवून देतो आणि परत कर्जतला," असे ते म्हणत, आणि त्यात तक्रारीपेक्षा ऐट जास्त असे. इंजिनाचे धक्के खाऊन त्यांची कंबर बसली. एका डॉक्टरांनी त्यांना गावातल्याच एका योगसंस्थेत पाठवले. तिथे ते रुग्ण म्हणून गेले, आणि पुढे रजा टाकून टाकून तिथला शिक्षकाचा अभ्यासक्रमच पुरा करून बाहेर पडले.

कोणी औषध सोडायची भाषा केली की ते चिडत. गोळी गोळीच्या जागी, श्वास श्वासाच्या जागी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या वर्गात कोणी शहाणपणा करायचा नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनावत.

घाटाची एक गोष्ट ते वारंवार सांगत. उतारावर मुख्य रुळाला फुटून डोंगराकडे चढत जाणारा एक रूळ असतो. तो कुठेच जात नाही. ब्रेक हाताबाहेर गेलेली गाडी त्याच्यावर वळवली की चढावर तिचा दम निघतो आणि ती आपोआप थांबते. "दुखणं उताराला लागलं की त्याच्यापुढं छाती काढून उभं राहायचं नाही," काका सांगत. "चिरडून जाल. त्याला चढाची लाइन द्यायची. लांब सोडलेला श्वास ही चढाची लाइन." मग ते स्वतः श्वास सोडून दाखवत, गुणगुणत. त्यांचे ते गुणगुणणे संपता संपत नसे. आमचे दोन-तीन श्वास होऊन जात, आणि काकांचा पहिलाच चालू असे. संपल्यावर ते डोळे उघडून आमच्याकडे असे बघत की टाळ्या वाजवाव्यात की काय, असा प्रश्न पडे. त्या श्वासाचा त्यांना अभिमान होता.

मंत्रावरून एकदा वर्गात अडले. आमच्यात जोशी बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्यांनी हैराण. त्यांनी सुचवले की सुरुवात ओंकाराने करावी. कंपनांचा उपयोग होतो, त्या वाचून आल्या होत्या. काकांनी मान डोलावली. वर्गात हनीफभाईही होते. बाजारात त्यांचा चिक्कीचा धंदा, कढया ओढून ओढून खांदा कामातून गेलेला.  ते दुसऱ्या दिवसापासून थोडे उशिरा येऊ लागले, ओंकार झाल्यावर. दाराबाहेर उभे राहून ते आवाज थांबायची वाट बघतात, हे काकांनी खिडकीतून पाहिले.

पुढच्या सकाळी त्यांनी जाहीर केले की आजपासून तोंड बंद. ओठ मिटून नुसते गुणगुणायचे.

जोशी बाईंनी विचारले, "मग मंत्र कोणता?"

"आत ज्याचा त्याचा. तुमच्या आत कोण बसलंय हे तपासायला मी काय टीसी आहे?"

हनीफभाई हसले, आणि जोशी बाईही, थोड्या उशिराने. ज्यांच्याकडे मंत्रच नव्हता त्यांना काकांनी आपल्या गावाचे नाव घ्यायला सांगितले. मी पहिले काही दिवस मिटल्या ओठांआड त्या दिवशीच्या कामांची नावे म्हणत होते, आणि त्यानेही मान जरा सैल झाली, हे इथे नमूद करते.

काकांच्या घरात मात्र या विद्येला काडीची किंमत नव्हती. कमलकाकू, त्यांच्या पत्नी, पवनानगरकडच्या. वर्गात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. का, असे मी विचारले तर म्हणाल्या, "घरात बी ह्येच आन् हॉलात बी ह्येच. मग मी सुटू कवा?" त्यांना त्याची गरजही दिसत नव्हती, कारण त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे होते. त्यांच्या वस्तीच्या बुद्धविहारात काकू वंदना सांगत. त्या एक ओळ म्हणत आणि मागून सगळा विहार ती ओळ म्हणे. बुद्धपौर्णिमेला मी एकदा ऐकायला गेले होते. आवाज गोड म्हणता येणार नाही, भक्कम होता. शेतातून पलीकडच्या बांधावर हाक पोचवावी तसा. त्रिसरण, पंचशील त्या अशा सांगत की मागच्या रांगेतली माणसे ताठ बसत. काका तिथे पुरुषांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसत, आणि एरवी सगळ्यांना सूचना देणारा हा माणूस तिथे मागून म्हणणाऱ्यांतला एक असे.

मग एका हिवाळ्यात काकूंना नागीण उठली. डाव्या बाजूला, बरगडीवरून थेट पाठीपर्यंत. फोड वाळले, डाग पुसट झाले, पण दुखणे राहिले. डॉक्टरांनी सांगितले की आतली नस दुखावली आहे, औषध चालू ठेवा, काही जणांना बरेच महिने लागतात. कपडा लागला तरी निखारा ठेवल्यासारखे होई. साडीचा पदर नेमका डाव्या खांद्यावरून जातो, तो सोसवेना, म्हणून त्या घरात परकर आणि काकांचे जुने, धुऊन मऊ झालेले बनियन घालून बसत. बाहेर जाणे बंद झाले. पुरता श्वास घेतला की बरगडीत कळ येई, म्हणून श्वासही त्यांनी आखडता घेतला. आवाज गेला. पुढे वर्षावास येणार होता. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी वंदना आणि वाचन असते. काकूंनी निरोप धाडला की यंदा माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. विहारातल्या बायकांनी तेव्हा ऐकून घेतले नाही, थांबू म्हणाल्या. पण काकूंनी मनातून ती जागा सोडली होती, आणि काकांना ते दिसत होते.

काकांनी मग घरातली ड्यूटी अंगावर घेतली. इतक्या जणांचे खांदे, गुडघे, माना त्यांच्या हाताखाली सैल झाल्या होत्या; ही तर घरची बाई. वर्गातही ते खात्रीने सांगत की पाऊस लागेपर्यंत कमल विहारात बसलेली दिसेल. मग हळूहळू ते असे सांगेनासे झाले. घाटाची गोष्ट बंद झाली. वर्ग वेळेवर सुरू होई, वेळेवर संपे. पण काका खुर्चीवर बसून दाराकडे बघत असत.

त्या सुमारास एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. हॉलला रंग द्यायचा होता, वर्ग कुठे हलवायचा ते ठरवायचे होते. घर भुशीच्या रस्त्यावर. धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली आणि हॉर्नचा नुसता गोंगाट. काकू खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, काका समोर खुर्चीवर, अगदी वर्गात बसत तसे. मला हाताने बसायची खूण करून त्यांनी पुढे चालू ठेवले. ते काकूंना त्रिसरणच म्हणायला लावत होते, पण आपल्या पद्धतीने : तिन्ही ओळी एका लांब श्वासात, सावकाश, न तोडता. स्वतः म्हणून दाखवले. सहज झाले त्यांना. काकूंनी सुरू केले आणि पहिल्या ओळीच्या मध्यावर श्वास तुटला. हात बरगडीकडे गेला.

"अजून लांब. सोडू नकोस. पुन्हा," काका म्हणाले.

पुन्हा तुटला. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू, कारण जोराने बोलणे त्यांना शक्यच नव्हते, त्या म्हणाल्या, "तुमचा श्वास हाय बोगद्याएवढा. माझा उंदराच्या बिळाएवढा बी ऱ्हायला न्हाई. मी दुखन्याच्या मागं धावू का तुमच्या?"

"कमल, एकदा जमलं की..."

"आन् न्हाई जमलं की? दुखतंय बी मला आन् नापास बी मीच."

मी उठायला लागले तर काकूंनी मला थांबवले. बसा, ह्यांना चहा येतो करायला, म्हणाल्या. काका मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ गेला. चहा उतू गेल्याचा वास आला, मग शेगडी पुसल्याचा आवाज. चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. रंगाचे आणि हॉलचे काय ठरले ते मला आठवत नाही. बहुधा काहीच ठरले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग रद्द केल्याचा निरोप पाठवला. असे आधी कधी झाले नव्हते. सोमवारी आले ते बोलायचे ठरवूनच आले. आम्ही सतरंज्यांवर बसल्यावर म्हणाले की आज आधी मला सांगायचे आहे.

"बँकरचा एकच नियम असतो. पुढच्या इंजिनानं इशारा दिल्याशिवाय मागच्यानं जोर लावायचा नाही. मागच्याची ताकद पुष्कळ असते हो, पण त्यानं आपल्याच मनानं रेटा दिला तर मधले डबे रुळावरून उचलले जातात. हे मी नोकरीभर पाळलं. आणि घरी जाऊन पुढं बसलो."

 जोशी बाईंनी विचारले, मग आता? "आता पुढं ती आहे," काका म्हणाले आणि शिकवायला लागले.

पुढचे मला काकूंकडून कळले. रोज सकाळी काका त्यांच्या मागे बसू लागले. दुखरी बाजू मोकळी सोडून, नुसता उजव्या खांद्याला खांदा टेकवून. काकू श्वास असेल तेवढे म्हणत. पहिल्या दिवशी एकच शब्द झाला. त्या थांबल्या की काकाही थांबत. त्या गप्प बसल्या तर काकाही तितका वेळ गप्प. पुढचा शब्द कधी येणार, हे काकू ठरवणार. काका मागून फक्त गुणगुणत, त्यांच्या शब्दाएवढेच, त्याहून तसूभर जास्त नाही. ज्या माणसाचा श्वास संपता संपत नसे, त्याला हे किती जड गेले असेल! काकूंना मात्र त्यातली वेगळीच गंमत वाटत होती. "लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा त्यांनी माझं ऐकलं," त्या म्हणाल्या, "आन् ते बी मी काय बोलत नसताना."

मी विचारले, दुखणे गेले का?

"गेलं न्हाई. पन आदी मांडीवर बसायचं, आता शेजारी बसतं."

डॉक्टरांनी मधे गोळी बदलली होती, तिचाही वाटा असणार. काका स्वतःच तसे सांगत. श्रेय घ्यायची सवय असलेल्या माणसाने ते इतक्या सहज वाटून टाकलेले पाहून मला बरे वाटले.

आमचा वर्गही बदलला. पूर्वी काकांच्या हातवाऱ्यावर सगळे एकदम श्वास घेत आणि एकदम सोडत. आता ज्याने त्याने आपल्या श्वासाने गुणगुणायचे. कोणी लवकर संपवे, कोणी उशिरा, कोणाला मधेच खोकला येई. सगळ्याचा मिळून पोळ्यातल्या मधमाश्यांसारखा एक आवाज होई. जोशी बाईंना ही बेशिस्त वाटली. त्यांनी तसे बोलून दाखवले, आणि काही दिवसांनी आपणहून सांगितले की हल्ली मला इथे धाप लागल्यासारखे वाटत नाही, दम पुरतो. हनीफभाईंचा खांदा तोवर इतका सुटला होता की ते हात वर करून पंखा पुसायला तयार झाले. मी लगेच पुसून घेतला.

आता मी तळेगावला राहते. ऑफिस जवळ पडते. हॉलची चावी जोशी बाईंकडे दिली. लोणावळे सोडण्याआधी काकांना मी शेवटचे पाहिले ते विहारात.

वर्षावास सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. तोवर दुसरीच एक बाई वंदना सांगत होती, तीही काकूंची वाट बघत. त्या संध्याकाळी काकू आल्या. पांढरी साडी नेसलेल्या. पदर डाव्या खांद्यावरून घेतलेला, खाली मऊ कापडाचे अस्तर शिवून घेतले होते. चालताना तो हात अंगापासून जरा दूर धरलेला. बायकांनी सरकून पुढची जागा मोकळी केली. काका पुरुषांत मागे जाऊन भिंतीशी बसले, आणि मी दाराजवळ, जिथून सगळे दिसते तिथे.

काकूंनी सुरुवात केली. आवाज पूर्वीच्या निम्माही नव्हता. पहिली ओळ अर्ध्यावर आली आणि थांबली. हात बरगडीकडे गेला. विहारात दोन-तीन जणांनी कळवळ्याने ती ओळ पुरी करायला तोंड उघडले. मी काकांकडे पाहिले. त्यांचा आवाज निघाला असता तर सगळा विहार त्याच्यामागे गेला असता आणि काकूंची सुटका झाली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. डोळे पत्नीच्या पाठीवर. तोंड उघडलेली माणसे त्यांच्याकडे बघून गप्प झाली. पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा राहिला. आम्ही किती वेळ थांबलो होतो कोण जाणे. मला तो फार वाटला.

काकूंनी श्वास घेतला आणि उरलेली अर्धी ओळ म्हटली.

मागून सगळ्यांनी ती म्हटली, आणि म्हणताना काकू जिथे थांबल्या होत्या तिथेच थांबून म्हटली. कोणी सांगितले नव्हते. पुढची ओळही तशीच झाली, मग तिसरी. पंचशील संपेस्तोवर लहानमोठी सगळी माणसे काकूंच्या श्वासाने म्हणत होती.

बाहेर चपलांच्या गर्दीत काकू काकांवर उखडल्या. मी अडकले तवा तोंड का उघडलं न्हाई, येवढा आवाज कशाला ठेवलाय, असे त्यांनी विचारले. काका छत्री उघडत होते.

"तुझं झालं नव्हतं अजून," ते म्हणाले.

काकूंनी चपला पायात सरकवल्या. एका बाईने विचारले, उद्या येणार ना?

"यीन की. फकस्त घाई कुनी करायची न्हाई."

काकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, वळसा घालून काकूंच्या उजव्या बाजूला आले, आणि दोघे पावसात उतरले.